महिन्याला हजार रुपये आणि नेटके कपडे: नोकरीच्या पहिल्या वर्षासाठी

पहिल्या महिन्यात एकही कपडा विकत घ्यायचा नाही. हातात पगार आलेला असतो, सोबतचे सगळे रविवारी खरेदीला निघालेले असतात, तरीही. त्या महिन्याचे हजार रुपये शिंप्याकडे जाणार आहेत.

मी पुण्यात पहिल्या नोकरीला लागले तेव्हा पहिल्याच रविवारी रस्त्यावरच्या दुकानांतून पाच टॉप उचलले होते. दोन महिन्यांत दोघांचा रंग गेला, एकाची शिवण उसवली आणि उरलेले दोन खांद्यावरून ओघळायला लागले. माझ्याच खोलीत राहणाऱ्या मैत्रिणीकडे मोजून चार कुर्ते होते आणि रोज सकाळी ऑफिसला निघताना ती माझ्यापेक्षा कितीतरी चांगली दिसायची. तिचे चारही कुर्ते गावाकडच्या शिंप्याने तिच्या मापाने शिवले होते. बाकी काही गुपित नव्हतं. साधा कपडा अंगावर नीट बसला की तो महागड्या पण ढगळ कपड्यापेक्षा उठून दिसतो, आणि तो नीट बसवायला कापडाच्या मानाने फार थोडे पैसे लागतात. पुढे जे सांगते आहे ते सगळं यातूनच आलेलं आहे.

पहिला महिना: कपाट पलंगावर

सुट्टीच्या दिवशी सगळे कपडे बाहेर काढा आणि एकेक अंगात घालून बघा. नुसता हातात धरून कपडा कळत नाही. तीन ढीग करा: नेहमी घालतो ते, आवडतात पण घातले जात नाहीत ते, आणि यापुढे घालणार नाही ते.

मधला ढीग महत्त्वाचा. त्यातल्या प्रत्येक कपड्यासमोर वहीत एक ओळ लिहा, का घातला जात नाही म्हणून. पँट लांब होते. कुर्ता बगलेखाली सैल आहे. चेन बिघडली. बाही मनगटाखाली लोंबते. यातली बहुतेक कामं गल्लीतला शिंपी दोन-तीन दिवसांत करून देतो. पँटची उंची कमी करणं, कुर्ता बाजूंनी आत घेणं, बाही आखूड करणं, चेन किंवा इलॅस्टिक बदलणं, हे स्वस्तात होतं. जीन्स मांडीजवळ विरली असेल तर मागून कापड लावून मशीनवर रफू करून मिळते आणि अजून वर्षभर जाते.

शर्टाचा खांदा मोठा असेल तर मात्र त्यावर पैसे घालू नका. खांदा कमी करायचा म्हणजे बाही उसवायची, मुंढा, म्हणजे बाही जोडायची गोलाई, नव्याने कापायचा, आणि एवढं करूनही तो सरळ बसेल याची खात्री नसते. घट्ट झालेला कपडा सैल होईल का, हे तो उलटा करून बघितल्यावर समजतं. शिवणीच्या पलीकडे आत जे जास्तीचं कापड सोडलेलं असतं, त्याला माया म्हणतात. आईकडून शिकलेला हा शब्द मला फार आवडतो. शिवून घेतलेल्या कपड्यात बहुधा पाऊण-एक इंच माया असते. तयार कपड्यात जेमतेम ओव्हरलॉकपुरती, म्हणजे कडेचे धागे सुटू नयेत म्हणून घातलेल्या टाक्यापुरती असते, त्यामुळे तो सहसा वाढवता येत नाही.

तिसऱ्या ढिगातले धड कपडे कोणाला तरी देऊन टाका किंवा भांडीवालीला द्या. त्याआधी फाटक्या कपड्यांची चांगली बटणं, चेन आणि काठ काढून एका डब्यात ठेवा. या डब्याचा उपयोग पुढे येणार आहे.

मापं फोनमध्ये लिहून ठेवा

दहा-वीस रुपयांची मोजपट्टी घ्या. आपल्या अंगाचं माप तर घ्याच, पण त्याहून उपयोगी म्हणजे आपल्याकडचा सगळ्यात छान बसणारा कुर्ता किंवा शर्ट आणि एक पँट सपाट पसरून मोजणं. खांदा, छाती, कंबर, सीट, बाहीची लांबी, पूर्ण उंची, पँटची आतल्या बाजूची लांबी. हे आकडे फोनमध्ये असले की ‘एम’ आणि ‘एल’च्या घोळातून सुटका होते, कारण एका दुकानाचा एल दुसऱ्या दुकानाच्या एमएवढा निघतो. रस्त्यावरच्या बाजारात कपडा घालून बघायची सोय नसते. तिथे मोजपट्टी काढायला लाजू नका.

कपडा बसला आहे का, हे बघायच्या खुणा थोड्याच आहेत. खांद्याची शिवण खांद्याच्या हाडाच्या टोकावर यावी. शर्टाची बटणं लावून खुर्चीवर बसल्यावर दोन बटणांमध्ये फट पडू नये. कुर्त्याचा कट कमरेपासून फार वर सुरू होऊ नये, नाहीतर चालताना सारखा ओढावा लागतो. पँट बुटावर टेकावी, पण तिचा घोळ होऊ नये.

रंग

पँट, सलवार, लेगिंग्ज, जे काही खाली घालता, त्यासाठी दोन-तीन शांत रंग ठरवून टाका. काळा, नेव्ही आणि बदामी, किंवा राखाडी आणि पांढरा. वर घालायची प्रत्येक गोष्ट यातल्या किमान दोघांवर गेली पाहिजे. जात नसेल तर ती कितीही गोड असली तरी दुकानातच राहू द्या. या एका नियमाने माझे सर्वात जास्त पैसे वाचले. चार वरचे आणि तीन खालचे कपडे एकमेकांवर चालत असले तर बारा जोड्या होतात. ऑफिसचे दोन आठवडे तेवढ्यातच निघतात.

आता एक गोष्ट जरा मनापासून सांगते. आपल्याकडे अजूनही दुकानात काउंटरमागून ऐकू येतं, ‘ताई, तुमच्या रंगाला हे नको, फिकट घ्या.’ सावळ्या मुलींना लहानपणापासून बिस्किटी आणि फिकट गुलाबी कपड्यांत गुंडाळलं जातं. या सल्ल्याला काही आधार नाही. आमसुली, डाळिंबी, मोरपिशी, चिंतामणी, हळदीचा पिवळा हे रंग सावळ्या अंगावर जसे खुलतात तसे क्वचितच कुठे खुलतात. आपल्या साड्यांच्या परंपरेतले रंगच बघा, ते या मातीतल्या माणसांसाठी रंगवलेले आहेत. रंग निवडायचा तो दुकानाच्या दिव्याखाली नाही. कापड दारापर्यंत न्या, उन्हात चेहऱ्याशेजारी धरा. चेहरा उजळ आणि ताजा वाटला तर तो रंग तुमचा. मुलांनीही हे करावं. निळा आणि पांढरा सोडून शर्टाला शेवाळी, विटकरी, आमसुली असे रंग आहेत, ते ऑफिसात अजिबात भडक दिसत नाहीत.

हिशोब वर्षाचा ठेवा

महिन्याला हजार म्हणजे वर्षाला बारा हजार. हे पैसे दर महिन्याला संपवायचे नाहीत, वेगळे ठेवायचे. माझी वाटणी साधारण अशी असते: कापड आणि तयार कपडे ४,५००, शिलाई आणि दुरुस्ती २,५००, चपला-बूट २,०००, दिवाळी आणि लग्नं २,०००, आतले कपडे १,०००. शेवटचा आकडा बरेच जण धरतच नाहीत. नीट मापाची ब्रा किंवा बनियन नसेल तर वरचा कुर्ता कितीही चांगला शिवलेला असला तरी तो बसत नाही, म्हणून हे पैसे कापू नका.

मोठ्या दुकानांचे हंगामी सेल साधारण जानेवारीत आणि जुलैच्या आसपास लागतात. जीन्स, जॅकेट, बूट यांची खरेदी तेव्हापर्यंत थांबवा. गांधी जयंतीच्या सुमारास खादी भांडारांत सूट असते. हातकताईची, हातमागावरची खादी एरवी या बजेटला जड जाते, तेव्हा जमते. २२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या कपड्यावर ५ टक्के आणि त्यापुढच्यावर १८ टक्के जीएसटी आहे. आपली जवळजवळ सगळी खरेदी ५ टक्क्यांत बसते. बिलात जास्त दिसला तर विचारा.

दुसरा महिना: खालचे कपडे आधी

सगळे जण टॉप आणि शर्टांपासून सुरुवात करतात. तुम्ही पँटपासून करा. एक चांगली काळी किंवा नेव्ही पँट आठवड्यातून तीनदा घातली तरी कोणाच्या लक्षात येत नाही. तोच भडक टॉप तीनदा घातला की लगेच येतं. त्यामुळे जास्त पैसे इथे घाला. कापड हातात चुरगळून सोडा, लगेच सरळ होतंय का बघा. गुडघ्याजवळ ताणून बघा, परत जागेवर येतं का. शिवणीचे टाके बारीक आणि एकसारखे हवेत. शिवण दोन्ही बाजूंनी हलके ओढल्यावर मधून उजेड दिसला तर ती पँट लवकर उसवणार.

तिसरा महिना: कटपीस

ठोक ताग्यातून उरलेले तुकडे कटपीसच्या दुकानात मिळतात, आणि कमी पैशांत चांगलं कापड मिळायची माझ्या मते हीच सगळ्यात भरवशाची जागा आहे. पुण्यात लक्ष्मी रोड आणि रविवार पेठ, मुंबईत दादरचं हिंदमाता आणि क्रॉफर्ड मार्केटजवळचं मंगलदास मार्केट, नागपुरात इतवारी, छत्रपती संभाजीनगरात गुलमंडी. प्रत्येक शहरात अशी एक आळी असतेच. तुमच्या गावातल्या शिंप्याला विचारा, तो बरोबर पत्ता सांगेल.

जाताना किती कापड लागतं ते माहीत हवं. त्यासाठी आधी पन्हा विचारायचा, म्हणजे कापडाची रुंदी. ४४ इंची पन्ह्यात गुडघ्यापर्यंतच्या, पाऊण बाहीच्या कुर्त्याला साधारण अडीच मीटर. पूर्ण बाहीच्या शर्टाला ३६ इंची पन्ह्यात सव्वादोन मीटर, ५८ इंचीत १.६ मीटर. पँटला ५८ इंचीत १.२ ते १.३ मीटर. उंच किंवा अंगाने भरलेले असाल तर थोडं वाढवून घ्या. कटपीस पूर्ण उलगडून उजेडासमोर धरा: बारीक भोक, तुटलेला धागा, विणीतली गाठ, घडीवर उतरलेला रंग. काठाजवळचा दोष कापणीत निघून जातो, मधला नाही.

दुकानदार ‘प्युअर कॉटन’ म्हणाला तरी तपासा. खिशातला पांढरा रुमाल ओला करून कापडावर घासा. रंग रुमालावर आला तर तो पुढे घामाने तुमच्या बनियनवरही येणार. घरी एक धागा काढून स्टीलच्या ताटलीवर जाळून बघता येतो. सुती धागा कागदासारखा जळतो आणि मऊ राख राहते. पॉलिस्टर वितळतं आणि त्याचा कडक मणी होतो. रेयॉन मात्र इथे फसवतं, कारण तेही कागदासारखंच जळतं. ते ओळखायचं स्पर्शाने: सुळसुळीत लागतं, अंगावर छान ओघळतं, पण ओलं झालं की कमजोर होतं, म्हणून पिळायचं नाही. रेयॉन वाईट नाही, फक्त सुती कापडाचे पैसे देऊन ते घेऊ नका.

सुती कापड शिवायला देण्याआधी काही तास पाण्यात भिजवून, सावलीत वाळवून द्या. ते जे काही आटायचं ते आधीच आटू दे. यात आळस केला तर पहिल्या धुण्यात कुर्ता वर चढतो आणि मग काही करता येत नाही. त्यासाठीच कापड घेताना वीतभर जास्त घ्यायचं.

आणि कापड विकत घ्यायच्या आधी घरी विचारा. आईची, मावशीची न वापरातली सुती साडी सहावारी असली तरी साधारण साडेपाच मीटर भरते. त्यात दोन कुर्ते सहज होतात. घडीच्या रेषांवर कापड विरलं नाही ना, हे उजेडात बघून घ्या आणि काठ बाहीला किंवा खालच्या घेराला घ्यायला सांगा. अर्धा मीटर खणाचं कापड आणून साध्या काळ्या किंवा बदामी कुर्त्याला योक (खांद्याजवळचा वेगळा जोड), खिसा किंवा बाहीची पट्टी लावली तर तसा कुर्ता दुसऱ्या कोणाकडे सापडणार नाही.

शिंप्याशी बोलायचं कसं

दिवाळीच्या तोंडावर, लग्नसराईत किंवा शाळा सुरू होताना नव्या शिंप्याकडे जाऊ नका. गणवेश आणि ब्लाउजांच्या ढिगात तुमचा पहिला कुर्ता घाईघाईत शिवला जाईल. मधल्या दिवसांत, दुपारी निवांत जा. पहिल्यांदा एकच कपडा द्या आणि तोही साध्या, स्वस्त कापडाचा.

फोनवर फोटो दाखवून ‘असाच पाहिजे’ म्हटलं की गोंधळ होतो, कारण फोटोतल्या बाईचं अंग वेगळं असतं. त्यापेक्षा आपला नीट बसणारा कुर्ता नमुना म्हणून न्या आणि त्यात काय बदल हवा तेवढं सांगा. आकडे इंचात सांगा: गळा पुढून सहा, मागून चार, कट इतक्या इंचावर, घेर इतका. कॉलर, चोच, पट्टी, खिसा हे कागदावर काढून दाखवलं तरी चालतं. ‘बाजूंना इंचभर माया ठेवा’ हे आठवणीने सांगा. दोन वर्षांनी वजन वाढलं तर तोच कुर्ता पुन्हा उघडता येतो. बटणं त्या डब्यातली द्या. साध्या शर्टाची प्लास्टिकची बटणं काढून लाकडी किंवा शिंपल्याची लावली तर शर्टाचा सगळा चेहराच बदलतो, खर्च जवळजवळ शून्य. उरलेलं कापड परत मागून घ्या.

कपडा न्यायला गेलात की तिथेच घालून बघा, हात वर करा, खाली बसा. काही खटकलं तर लगेच, शांतपणे सांगा. चांगला शिंपी यावर रागावत नाही. माझे शिंपीकाका तर स्वतःच टाचण्या घेऊन उभे राहतात. असा माणूस सापडला की त्याची शिलाई घासाघीस करून पाडू नका. कापडात वाचवा, तिथे नको.

रस्त्यावरचा बाजार

पुण्यात तुळशीबाग, डेक्कनची हाँगकाँग लेन आणि कॅम्पातला फॅशन स्ट्रीट, मुंबईत आझाद मैदानाजवळचा फॅशन स्ट्रीट, लिंकिंग रोड, कुलाबा कॉजवे. इथे दुपट्टे, ओढण्या, कानातली, पट्टे, टी-शर्ट आणि एक्स्पोर्टमधून उरलेला माल उत्तम मिळतो. कॉलरचे ऑफिसचे कपडे मी इथे घेत नाही, कारण मापाचा नेम नसतो. यादी आणि ठरवलेली रोख रक्कम घेऊन जा, बाकी काही नको. अंगात घट्ट, पातळ टी-शर्ट घालून गेलात तर शर्ट आणि जॅकेट वरूनच घालून बघता येतं. सकाळी गेलात तर भवानीच्या वेळी विक्रेता भावाला पटकन तयार होतो. पण त्याच्याही पोटाचा प्रश्न आहे. भाव ठरवून, उगाच दहा कपडे उलगडायला लावून निघून जाऊ नका.

चपला-बुटांसाठी एक काळा किंवा तपकिरी बंद जोड आणि एक कोल्हापुरी एवढ्यावर सुरुवातीचं वर्ष निघतं. कोल्हापुरीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे, त्यात कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले चार जिल्हे येतात. कुर्ता, जीन्स, साडी, सगळ्यांवर ती जाते. मात्र जून ते सप्टेंबर ती कागदात गुंडाळून माळ्यावर. चामडं भिजलं की फुगतं आणि तळ सुटतो. पावसाळ्यासाठी साध्या रबरी सॅंडल घ्या, आणि त्या महिन्यांत घोट्यापर्यंतच्या, गडद, लवकर वाळणाऱ्या पँट घाला.

धुणं आणि इस्त्री

गडद कपडे उलटे करून गार पाण्यात धुवा, उलटेच सावलीत वाळत घाला. साबणाच्या पाण्यात रात्रभर भिजत ठेवायची सवय सोडा, रंग तिथेच जातो. नवा गडद कपडा पहिले दोन-तीन वेळा वेगळा धुवा. सुती कुर्ता आणि शर्टाला भाताच्या पेजेची पातळ खळ दिली, किंचित ओलसर असताना इस्त्री केली, की तो नव्यासारखा उभा राहतो. कॉलर आणि बाहीच्या पट्टीला आधी उलटीकडून इस्त्री करा. इस्त्री घरी शिकून घ्या. रोज दोन कपडे बाहेर दिले तर महिन्याच्या हजारातले बरेच तिथेच जातात. पावसाळ्यात कपाटात सुकलेला कडुनिंबाचा पाला ठेवा आणि ऊन पडेल त्या दिवशी कपाटाची दारं उघडी टाका, म्हणजे बुरशीचे ठिपके येत नाहीत.

सुई, काळा-पांढरा दोरा आणि दोन बटणं ऑफिसच्या पिशवीत असू द्या. बटण लावायला आणि सुटलेली दुमड हाताने घालायला एका संध्याकाळी शिकता येतं, मुलांनाही.

लग्न आलं तर

लग्नासाठी नवीन साडी घ्यायचा मोह होतोच. त्याऐवजी दिवाळी-लग्नाच्या पैशांतून एक उत्तम ब्लाउज शिवून घ्या, काळा किंवा सोनेरी, अस्तर लावून, नीट मापाचा. मग साडी मावशीची, काकूची, मैत्रिणीची कुठलीही चालते, ब्लाउज तुमचाच असतो आणि फोटोत तोच अंगावर बसलेला दिसतो. मुलांनी पांढरा किंवा हस्तिदंती सुती-रेशमी कुर्ता शिवून घ्यावा; त्यावर कोणाचंही जॅकेट मागून आणलं तरी शोभतं. मागून आणलेली साडी परत देताना नुसती घडी करून देऊ नका. वाऱ्यावर सुकवा, डाग बघा, लागलंच तर ड्रायक्लीन करा, आधीची घडी मोडून नव्याने घडी घाला, आणि सोबत मोगऱ्याचा गजरा न्या. पुढच्या लग्नाला काकू स्वतःहून कपाट उघडून विचारते, यातली कुठली नेतेस?